कॅटलिना ३६ : आकडा बरोब्बर २.०० येतोय. घ्यावी का?

खाडीपलीकडचा | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे पाककृतींवर, राजकारणावर, झालंच तर अमेरिकेत गॅरेजचा दरवाजा घरच्या घरी कसा दुरुस्त करावा यावरसुद्धा धागे आहेत. शीडबोटीवर एकही सापडला नाही. म्हणून हा प्रपंच.

मी अलामेडाला राहतो. सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये सहा वर्षं क्लबाच्या बोटी चालवतोय. आता स्वतःची घ्यायची असं घरात ठरलंय (म्हणजे मी ठरवलंय आणि अजून कोणी मोडता घातलेला नाही). माणसं तीन : मी, बायको आणि अकरा वर्षांची लेक. शनिवार-रविवार बेमध्ये, वर्षातून दोनतीनदा गोल्डन गेटच्या बाहेर हाफ मून बे किंवा मॉन्टेरे, आणि पाचसहा वर्षांनी जमलं तर मेक्सिकोपर्यंत. त्यापुढचं स्वप्न आहे, पण त्यावर बायकोची सही व्हायची आहे.

दोन जुन्या बोटी हेरून ठेवल्यात.

पहिली कॅटलिना ३६, १९९० सालची, विंग कीलवाली (कील म्हणजे बुडाखालचं जड पातं; विंग म्हणजे त्याच्या खालच्या टोकाला दोन बाजूंना पंख). लांबी ३६ फूट ४ इंच, पाणरेषेवर ३० फूट ३ इंच, रुंदी ११ फूट ११ इंच, वजन १३,५०० पौंड, त्यातले ६,००० कीलमध्ये. शिडं ५५५ चौरस फूट. पाण्याखाली जेमतेम साडेचार फूट. आत शिरलं की टू बीएचके.

दुसरी वेस्टसेल ३२, सत्तरच्या दशकातली. लांबी ३२ फूट, पाणरेषा २७ फूट ६ इंच, रुंदी ११ फूट, वजन १९,५०० पौंड, शिडं ६२९ चौरस फूट. चार फुटांनी आखूड आणि सहा हजार पौंडांनी जड! लांब कील, पुढून-मागून दोन्हीकडून निमुळती. बघितली की वाटतं, ही बोट आपल्यालाच सांभाळून घरी आणेल.

पेशाने आकडेमोड करणारा माणूस आहे, तेव्हा एक्सेल उघडलं. शिडं-वजन गुणोत्तर : कॅटलिना १५.७, वेस्टसेल १३.९. वजन-लांबी गुणोत्तर : २१८ आणि ४१९. म्हणजे कॅटलिना हलक्या वाऱ्यात चालेल, वेस्टसेलला हाकावं लागेल. इथवर ठीक.

पण कलंडण्याचा आकडा काढला आणि झोप उडाली. रुंदी फुटांत घ्यायची, बोट जितकं पाणी सारते त्या घनफळाच्या घनमुळाने भागायची. उत्तर २ च्या खाली हवं, वर गेलं तर खुल्या समुद्रात नेऊ नये म्हणतात. वेस्टसेल १.६३. कॅटलिना २.००. १.९९ नाही, २.०१ नाही, बरोब्बर २.००! परीक्षेत ३५ मार्क मिळाल्यासारखं वाटतंय.

मन कॅटलिनावर आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.


उंटावरचा_शहाणा | शनिवार, रात्री ११:०५

३५ म्हणजे पासच की. पेढे कधी?


सांजवेळ | शनिवार, रात्री ११:२०

शीडबोटीतलं शष्प कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. वाखू (वाचनखूण) साठवली.


इंजिनरूम | रविवार, सकाळी ७:१५

तीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनियर होतो. शिडं हा माझा प्रांत नाही, पण एक चूक दिसली ती सांगतो. तुम्ही घेतलेले १३,५०० आणि ६,००० हे आकडे फिन कीलच्या (बिनपंखांचं, सरळ खोल पातं) बोटीचे आहेत. तुमची विंगवाली. विंग कीलची कॅटलिना काहीशे पौंड जड असते. वजन भाजकात आहे, त्यामुळे तुमचा आकडा २ च्या खाली येईल. ज्या २.०० मुळे झोप उडाली तो तुमच्या बोटीचा नाहीच. शेजाऱ्याचा रक्ततपासणीचा रिपोर्ट वाचून गोळ्या सुरू केल्यात.


खाडीपलीकडचा | रविवार, सकाळी ७:५०

अरे देवा. खरंच की. १.९७ येतंय. धन्यवाद, काका. आता काढू का ऑफर?


साउथहॅम्प्टनकर | रविवार, दुपारी ४:३०

थांबा, थांबा. २.०० ने घाबरलात तेही चूक, १.९७ ने खूश झालात तेही चूक.

हा आकडा आला कुठून ते बघा. ऑगस्ट १९७९ ची फास्टनेट शर्यत. इंग्लंडहून निघून आयर्लंडच्या दक्षिणेचा फास्टनेट खडक, त्याला वळसा घालून परत. ३०३ बोटी निघाल्या, वाटेत वादळाने गाठलं, ८५ पोचल्या. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, त्यातल्या ५ बुडाल्या. शर्यतीतले १५ जण गेले. सोडलेल्या बाकीच्या बोटी नंतर तरंगत सापडल्या, हे विसरू नका. माणसं गेली, बोट राहिली, असं झालं.

त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत अभ्यास झाले आणि लक्षात आलं की सत्तरच्या दशकातल्या शर्यतीच्या नियमांनी बोटी रुंद, हलक्या करून टाकल्या होत्या. लाटेने आडवी केली की सहज उलटायच्या आणि उलट्याच निवांत राहायच्या. तेव्हा सामान्य माणसाला माहितीपत्रक हातात घेऊन चाळणी लावता यावी म्हणून हे सूत्र निघालं. चाळणी! निकालपत्र नव्हे.

त्यात दोनच गोष्टी आहेत, रुंदी आणि वजन. वजन कुठे आहे हे त्याला दिसतच नाही. कीलमधलं तीन टन शिसं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधा, आकडा तोच येईल.

आमच्याकडे कॉन्टेसा ३२ नावाची बोट आहे. १९७० च्या सुमाराची, डेव्हिड सॅडलरचं डिझाईन, लिमिंग्टनला बांधलेली. रुंदी फक्त साडेनऊ फूट, वजन ९,५०० पौंड, पैकी ४,५०० खाली. सूत्राने १.७९. पण तिची खरी मातब्बरी वेगळ्या आकड्यात आहे : सुमारे १५५ अंशांपर्यंत कलली तरी ती स्वतःहून सरळ होऊ बघते. त्या फास्टनेटमध्ये सगळ्यात छोट्या वर्गातून शर्यत पुरी करणारी एकच बोट होती, 'असेंट'. तीही कॉन्टेसा ३२.

मी एका मित्राच्या कॉन्टेसावर अधूनमधून असतो. तिची दुसरी बाजूही ऐका. आत दोन माणसं एकमेकांना ओलांडताना माफी मागतात. जोर धरला की डेकची कड पाण्यात आणि तुमचं ढुंगण ओलं. समुद्राला आवडणारी बोट बायकोला आवडेलच असं नाही.

तुम्ही विक्रेत्याला कलंडण्याच्या सूत्राऐवजी स्थिरतेचा आलेख (किती अंशांपर्यंत कलून सरळ होते ते दाखवणारा) मागा. १९९० च्या अमेरिकन बोटीचा मिळणं कठीण आहे, पण विचारायला काय जातंय.


देवबागचो | रविवार, संध्याकाळी ७:१०

वर साउथहॅम्प्टनकरांनी शिसं कुठे आहे ते महत्त्वाचं म्हटलं, त्याला अनुमोदन. आमच्याकडे गलबताच्या तळाशी घालायच्या वजनाला नीरम म्हणतात. माझो आजो गलबतार होतो. माल उतरून रिकामं परतताना तळाला दगड भरायचे, आणि ते दगड हलू नयेत म्हणून तांडेल स्वतः आत उतरून लाथ मारून बघायचा. किती दगड यापेक्षा हलतात का, हा पहिला प्रश्न. आजो म्हणायचो, "दर्यो आकडो इचारना नाय, सैल काय आसा ता बघता."

तर साहेब, तुमच्या बोटीत सैल काय आहे? कीलचे बोल्ट बघितले का?


खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ९:००

व्वा! आजोबांना नमस्कार. बोल्ट वरून दिसले तेवढे बघितले, गंज नाही. जुन्या कॅटलिनांच्या कील आणि हलच्या (बोटीच्या धडाच्या) सांध्यावर पुढच्या बाजूला भेग दिसते, तिला इथे 'कॅटलिना स्माइल' म्हणतात. या बाईसाहेब पाण्यात असल्याने हसतात की नाही ते कळलेलं नाही.


उंटावरचा_शहाणा | रविवार, रात्री ९:०४

पाहायला गेल्यावर मुलगी हसली की स्थळ पक्कं. इथे हसली तर मोडायचं. अजब शास्त्र.


निवृत्त_खलाशी | सोमवार, सकाळी ६:२०

धागा छान चाललाय. वेस्टसेलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही म्हणून तिचं वकीलपत्र घेतो.

वेस्टसेल ३२ चं कूळ मोठं आहे. कॉलिन आर्चरने नॉर्वेमध्ये वादळात मच्छीमारांना वाचवायला जाणाऱ्या बोटी आखल्या. त्या वळणावर अमेरिकेत विल्यम अ‍ॅटकिन यांनी 'एरिक' नावाची ३२ फुटी बोट काढली. वेस्टसेल तिची फायबरग्लासमधली नात. आणि त्याच एरिकच्या आराखड्यावरून एक सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधली गेली : 'सुहेली'. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये निघाले आणि ३१२ दिवसांनी, एप्रिल १९६९ मध्ये, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे जगातले पहिले. आपले अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले ते 'तुरीया'वरून, ती गोव्यात बांधलेली सुहेलीची प्रतिकृती.

वेस्टसेलची आणखी एक गोष्ट. १९९१ च्या ऑक्टोबरअखेरीला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला मोठं वादळ झालं, त्यात 'सॅटोरी' नावाची वेस्टसेल ३२ सापडली. माणसांना तटरक्षक दलाने उचललं. बोट एकटीच राहिली, आणि पुढे मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाळूत येऊन बसलेली सापडली, जवळजवळ धडधाकट.

तेव्हा तिला म्हातारी म्हणून हिणवू नका.


आकडेबहाद्दर | सोमवार, सकाळी ९:४५

खलाशीकाका, आदर आहे, पण प्रतिवाद करतो. सॅटोरीची गोष्ट बोटीच्या बाजूने आहे तशीच धागाकर्त्याच्या प्रश्नाच्या विरुद्धही आहे. त्यांना मॉन्टेरेला जाऊन यायचंय, केप हॉर्नला नाही. वेस्टसेलला गंमतीने 'वेटस्नेल', ओली गोगलगाय, म्हणतात. ४१९ हे वजन-लांबी गुणोत्तर घेऊन दहा नॉटच्या (ताशी दहा सागरी मैल) वाऱ्यात काय चालणार? शेवटी इंजिन लावणार. मग शीडबोट कशाला, डिझेलबोटच घ्या.

आणि रच्याकने (बाय द वे) एक गंमत. कॅटलिनात समजा प्रवासाचं सामान म्हणून दोन हजार पौंड भरले : पाणी, डिझेल, साखळ्या, डाळ-तांदूळ. मूळ १३,५०० धरले तर आता १५,५००. कलंडण्याचा आकडा २.०० वरून १.९१ वर आला! म्हणजे लोणच्याच्या बरण्या भरत गेलात की सूत्राप्रमाणे बोट सुरक्षित होत जाते. बरण्या वरच्या कपाटात ठेवल्यात तरी. त्याच वेळी शिडं-वजन गुणोत्तर १५.७ वरून १४.३ वर घसरलं, म्हणजे तुमची चपळ कॅटलिना वेस्टसेलच्या शेजारी येऊन बसली. माहितीपत्रकातली बोट रिकामी असते, साहेब. रिकामी बोट घेऊन कोणी जात नाही.


सांजवेळ | सोमवार, सकाळी १०:३०

लोणचं हे सुरक्षा साधन आहे असं आता नवऱ्याला सांगता येईल.


निवृत्त_खलाशी | सोमवार, सकाळी ११:१५

@आकडेबहाद्दर, मुद्दा मान्य. हलक्या वाऱ्यात ती ढिम्म असते. पण जड बोट लाटेवर हळू हलते, हे तुमच्या गुणोत्तरात दिसत नाही. जो ओकत नाही तो सुकाणू धरू शकतो. वेग म्हणजे शिडांचा वेग की माणसांचा?


आकडेबहाद्दर | सोमवार, सकाळी ११:४०

त्याचंही सूत्र आहे, टेड ब्रूअरचं. ;-)


निवृत्त_खलाशी | सोमवार, सकाळी ११:४२

असणारच. :-)


ऑकलंडची_सासुरवाशीण | मंगळवार, पहाटे ३:५०

दादा, एक प्रश्न विचारू? इतक्या प्रतिसादांत स्वयंपाकघर कुठे आहे हो?

मी दोन वर्षांपूर्वी ऑकलंड ते फिजी एका ३८ फुटी बोटीवर चौघांतली एक म्हणून गेले. अकराशेच्या आसपास सागरी मैल. बोटीचं नाव सांगत नाही, मालक मित्र आहेत. बंदरात उभी असताना दृष्ट लागावी अशी. प्रशस्त दिवाणखाना, मधे मोठं टेबल, दोन्हीकडे सोफे. तिसऱ्या दिवशी २५ नॉटचा वारा कडेवरून आला आणि त्या प्रशस्तपणाचा अर्थ कळला. शिडीपासून पुढच्या खोलीपर्यंत हाताला धरायला काही नाही. मी उडाले ती थेट टेबलाच्या कोपऱ्यावर. बरगडीला सूज, उरलेले दिवस कण्हत.

तेव्हापासून कुठल्याही बोटीत शिरले की मी तीन गोष्टी बघते. एक, डोळे मिटून शिडीपासून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) हात न सोडता जाता येतं का. दोन, प्रवासात झोपायचं कुठे. ऐटदार मागची खोली बंदरात झोपायला असते. समुद्रात तिथे तुम्ही चेंडू. अरुंद बाक, त्याला कापडाची आड, बोटीच्या मध्याजवळ, तिथेच झोप लागते. तीन, शेगडी झोके घेते का, आणि तिच्यासमोर उभं राहिल्यावर कंबर टेकायला काय आहे. कुकर न्या. झाकण बंद होतं हा त्याचा समुद्रातला सगळ्यात मोठा गुण. कुकरमधली खिचडी सांडली नाही, बाकी सगळं सांडलं.

कॅटलिना ३६ मी आतून पाहिलेली नाही. वहिनींना एकदा बोटीवर घेऊन जा, डोळे बांधा आणि चालायला सांगा.


उंटावरचा_शहाणा | मंगळवार, सकाळी ८:००

वहिनींचे डोळे बांधून बोटीवर नेलं तर पुढचा धागा कायद्याच्या विभागात काढावा लागेल.


इंजिनरूम | मंगळवार, सकाळी ८:४०

ताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात उपयोगी. त्याला माझी दोन टोकं जोडतो.

सर्व्हे दोन भागांत करा. बोट पाण्याबाहेर काढून, आणि मग पाण्यात चालवून. बाहेर काढल्यावर रडर (सुकाणूचं पातं) हलवून बघा, खालच्या टोकातून पाणी ठिबकतंय का पाहा. कीलचा सांधा वर म्हणालात तो. सांध्यावरचा भराव नुसता उकललाय की आत ओल आहे, हे सर्व्हेयर सांगेल. पहिलं रंगरंगोटीचं काम, दुसरं पैशांचं. डोलकाठीच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेल्या नाहीत असं धरा आणि किमतीतून कापा. इंजिनचं तेल प्रयोगशाळेत पाठवा. आणि इंजिन थंड असताना जा. विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवलं असेल तर चहा पिऊन गार होईपर्यंत बसा.

दुसरं टोक : विंग कील. साडेचार फुटांत भागतं, उथळ जागी जाता येतं, हा फायदा खरा. पण फिन चिखलात रुतली तर बोट एका अंगाला कलवून ती सोडवता येते, कलली की खोली कमी होते. विंग कलवली की एक पंख आणखी खाली जातो. नांगरासारखी बसते. तुमच्या बेमध्ये चिखल भरपूर आहे म्हणतात.


खाडीपलीकडचा | पुढचा रविवार, रात्री ८:३०

अपडेट! काल मालकांसोबत कॅटलिना चालवली. वृत्तांत :

दुपारी दोनला अल्काट्राझ बेटाच्या दक्षिणेला. उन्हाळ्यात बेचा वारा दुपारी गोल्डन गेटमधून शिट्टी मारत येतो, काल २० ते २२ नॉट होता. सकाळी १५ होता तेव्हा पूर्ण शिडांवर मस्त चालली. दुपारी तीच शिडं ठेवली तर २८ अंश कलली, चाक दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. एक रीफ घेतला (म्हणजे मोठं शीड थोडं आवळून लहान केलं), पुढचं शीड थोडं गुंडाळलं, तर १८ अंशांवर आली आणि वेग ६.१ वरून ६.४! शीड कमी केलं आणि वेग वाढला, हे मालकांनी अगदी स्वतः शोध लावल्यासारखं दाखवलं.

आणि मुख्य बातमी : वाऱ्यावर चढताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने नागमोडी जाताना, दोन टॅकमधला (वळणांमधला) कोन जीपीएसवर मोजला; जितका कमी तितकं चांगलं. ८२ अंश! विंग कीलची बोट वाऱ्यावर चढत नाही असं सगळे म्हणतात. ८२ म्हणजे शर्यतीच्या बोटीएवढा. उद्या ऑफर.


साउथहॅम्प्टनकर | रविवार, रात्री ११:५५

ओहोटी होती का?


खाडीपलीकडचा | सोमवार, सकाळी ७:०५

हो. का?


साउथहॅम्प्टनकर | सोमवार, सकाळी ७:३०

वारा पश्चिमेचा. ओहोटीही पश्चिमेला, गोल्डन गेटकडे. तुम्ही वाऱ्यावर चढताय आणि पाणी तुम्हाला खालून उचलून वाऱ्याकडे नेतंय. जीपीएस जमिनीवरचा कोन सांगतो, पाण्यावरचा नाही. सहा नॉट वेग आणि फक्त एक नॉट ओहोटी धरली तरी पाण्यावरचा ९४ चा कोन जीपीएसवर ८२ दिसतो. दोन नॉट असेल तर ७२ दिसला असता आणि तुम्ही अमेरिकाज कपला (शीडबोटींची नामांकित शर्यत) नाव नोंदवलं असतं.

पाणी थांबलेलं असताना पुन्हा मोजा. आमच्या सोलंट सामुद्रधुनीत दर उन्हाळ्यात कोणीतरी हा शोध लावतं. एके वर्षी मी लावला होता.

वारा वाढल्यावर बोट जड झाली त्याचा हिशोब : वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ चा २२ झाला की जोर दुपटीहून जास्त. तेवढंच शीड ठेवून ओढत बसण्यात अर्थ नव्हता. यात बोटीचा दोष नाही, उलट रीफ घेतल्यावर लगेच शहाणी झाली हा तिचा गुण धरा. काही बोटी होत नाहीत.


देवबागचो | सोमवार, सकाळी ९:१०

ओहोटी बघूक नाय आणि बोट बघता! आजो आसतो तर कानशिलात दिलेन असतीन.


खाडीपलीकडचा | सोमवार, सकाळी ९:३०

खाल्ली. :-(


आकडेबहाद्दर | सोमवार, दुपारी १२:२०

९४ वाईट नाही हो. ३६ फुटी, उथळ कीलची, राहायला बांधलेली बोट आहे. फिनवाली काही अंश वर चढेल, पण तिला पावणेसहा-सहा फूट पाणी लागेल. तुमच्या बंदराच्या वाटेत ओहोटीला किती असतं?


खाडीपलीकडचा | सोमवार, दुपारी १:००

तिथेच तर गोम आहे. ज्या गल्लीत जागा मिळतेय तिथे नीचांकी ओहोटीला सहा फूट. म्हणून विंग.


साउथहॅम्प्टनकर | सोमवार, दुपारी १:१५

हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतंत तर आमचे निम्मे प्रतिसाद वाचले असते.


खाडीपलीकडचा | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०:१०

उशिराबद्दल क्षमस्व. बरंच घडलं.

वेस्टसेल पाहून आलो, चालवूनही आलो. खलाशीकाका, तुमचं खरं आहे : लाटेवर ती हलत नाही, विचार करून झुकते. सुकाणू सोडून मी सँडविच खाल्लं तरी दहा मिनिटं सरळ चालली. कॅटलिनावर सँडविच खाता आलं नसतं. पण वारा नऊ नॉटवर आला तेव्हा आमच्या शेजारून एक वल्ह्याची बोट गेली. आतल्या आजोबांनी हात केला. लेक म्हणाली, "बाबा, आपण पार्क केलंय का?"

मालक भला माणूस. तो म्हणाला, "तुला लांब जायचं असेल तर ही घे. जायचंय असं वाटायला हवं असेल तरीही ही घे." मला त्याने दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकांत धरल्यासारखं वाटलं.

कॅटलिनाचा सर्व्हे झाला. पाण्याबाहेर काढली, बाई किंचित हसल्या. सर्व्हेयरने ओल मोजली, टिचक्या मारल्या, भराव उकललाय एवढंच म्हणाला. तारांची पावती नव्हती. इंजिनरूमकाकांच्या नियमाने किमतीतून कापले. इंजिन थंड होतं. स्थिरतेचा आलेख मागितला तर दलालाने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची जन्मपत्रिका मागतोय. पाणी थांबलेलं असताना पुन्हा मोजलं : ९६ अंश.

आणि ताई, तुमची परीक्षा घेतली. बायको स्वतःहून डोळे मिटून चालली (बांधले नाहीत, शहाणेभाऊ). शिडीपासून चार पावलांवर हात हवेत. "इथे काही नाही," म्हणाली. तिथेच उभी राहून तिने छताला दोन ठिकाणी आणि टेबलाच्या बाजूला एक, अशा तीन जागा बोटाने दाखवल्या. लाकडी कठडे बसवून घेतोय. बसवणाऱ्याला मोजमापं तिनेच दिली, म्हणजे सही झाली असं मी धरतो.

२.०० चं काय, असं कोणी विचारायच्या आत : मेक्सिकोपर्यंत, मोसम बघून, किनाऱ्याकिनाऱ्याने. त्यापुढे जायची वेळ आलीच तर वेस्टसेलच्या मालकाचा नंबर ठेवलाय.

शनिवारी पैसे भरतोय.


निवृत्त_खलाशी | शनिवार, सकाळी ६:००

अभिनंदन. वकीलपत्र मागे घेतो. फी म्हणून एक फेरी.


ऑकलंडची_सासुरवाशीण | शनिवार, सकाळी ६:४०

वहिनींना माझा नमस्कार सांगा. कठड्याला आरपार बोल्ट मारा म्हणावं, नुसते स्क्रू नकोत. माणूस आपटतो तेव्हा स्क्रू निघतो.


उंटावरचा_शहाणा | शनिवार, सकाळी ९:००

आता तरी पेढे?


नवा_भिडू | चार महिन्यांनी, बुधवार

जुना धागा वर काढतोय, माफी. मीही ह्युस्टनजवळ विंग कीलची एक बोट बघतोय. वर इंजिनरूम म्हणालेत ते चिखलात रुतण्याचं खरंच इतकं वाईट असतं का, की पुस्तकी आहे?


खाडीपलीकडचा | बुधवार, रात्री ११:३०

खरं आहे. इथल्या बेमधल्या क्लिपर कोव्हच्या तोंडाशी, ओहोटीत, पाहुणे बोटीवर असताना. सगळ्यांना एका बाजूला बसवून बोट कलवली. काका म्हणाले होते तेच झालं, आणखी घट्ट बसली. मग भरती येईपर्यंत तीन तास. कुकर होता, खिचडी केली.

तुम्ही बोट पाहायला जाल तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक खिशात ठेवा. किती फूट पाणी लागतं हे मालकाला विचारू नका, टेप लावून मोजा.


इंजिनरूम | गुरुवार, सकाळी ७:१०

कीलचा सांधा बघितला का त्यानंतर?


खाडीपलीकडचा | गुरुवार, सकाळी ७:२५

पुढच्या आठवड्यात बाहेर काढतोय. कळवतो.